अपूर्ण आयुष्याचे निवेदन : विद्यार्थी-आशयनिर्माता आणि प्रेरणापर वाङ्मयाची परंपरा

१

वाचकाला किंवा श्रोत्याला प्रेरणा द्यावी या हेतूने निर्माण होणारे वाङ्मय समीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाही. ते बोधवादी असते, त्यात पुनरुक्ती असते, त्याचा निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, असे आक्षेप घेऊन आपण ते बाजूला ठेवतो. हे आक्षेप निराधार नाहीत. तथापि चरित्र, आत्मचरित्र, कीर्तन आणि व्याख्यान या प्रतिष्ठित प्रकारांशी या वाङ्मयाचे रक्ताचे नाते आहे, आणि तौलनिक अभ्यासकाला ते नाते नाकारता येत नाही.

गेल्या काही वर्षांत या वाङ्मयाला एक नवा निवेदक लाभला आहे. तो महाविद्यालयात शिकतो. वसतिगृहातल्या किंवा घरातल्या मेजावर तो कॅमेरा ठेवतो आणि अभ्यास कसा करावा, वेळ कसा राखावा, खचलेले मन कसे सावरावे हे आपल्याच वयाच्या श्रोत्यांना सांगतो. व्यवहारात त्याला ‘कंटेंट क्रिएटर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात ‘आशयनिर्माता’ ही संज्ञा वापरली आहे. या निवेदकाविषयी पहिला प्रश्न अधिकाराचा उद्भवतो. ज्याचे स्वतःचे आयुष्य अजून घडायचे आहे, त्याला इतरांना प्रेरणा देण्याचा अधिकार कोठून मिळतो?

या प्रश्नाचे उत्तर निवेदनाच्या काळात सापडते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. परंपरेतील प्रेरणापर वाङ्मय बहुधा पूर्ण झालेल्या आयुष्याकडे मागे वळून पाहते. विद्यार्थी-आशयनिर्माता अपूर्ण आयुष्याचे निवेदन ते चालू असतानाच करतो. त्याचे सामर्थ्य या अपूर्णतेत आहे आणि त्याच्यापुढील संकटही तिच्यातूनच निर्माण होते.

२

प्रथम परंपरेचा विचार करू. आधुनिक प्रेरणापर ग्रंथांचा आदिग्रंथ म्हणून सॅम्युअल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ-हेल्प’ (१८५९) या पुस्तकाचा उल्लेख केला जातो. त्याचा उगम मात्र ग्रंथालयात झालेला नाही. लीड्स शहरातील काही तरुण कामगार संध्याकाळी एकत्र जमून एकमेकांना शिकवीत असत. ज्याला थोडे येई तो त्याहून कमी येणाऱ्याला शिकवी. मंडळी वाढली तेव्हा त्यांनी एक मोठी खोली भाड्याने घेतली. पूर्वी तिचा वापर पटकीच्या रुग्णांसाठी तात्पुरते रुग्णालय म्हणून झाला होता. या तरुणांनी १८४५ मध्ये स्माइल्स यांना बोलावले, आणि त्यांच्यापुढे केलेल्या भाषणांतून पुढे चौदा वर्षांनी ग्रंथ सिद्ध झाला.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. परस्परांना शिकवणारे तरुण हे या वाङ्मयाचे पहिले श्रोते होते. ग्रंथात मात्र आवाज त्यांचा उरला नाही. तेथे आले ते भट्टी पेटती ठेवण्यासाठी घरातील लाकूडसामान जाळणारे कुंभकार बर्नार पालिसी आणि आगगाडीचे इंजिन घडवणारे जॉर्ज स्टीफन्सन. ज्यांचा शेवट माहीत आहे अशी ही आयुष्ये होती. अधिकार त्या आयुष्यांचा होता, स्माइल्स हे त्यांचे संकलक होते. नाकामुरा मासानाओ यांनी १८७१ च्या सुमारास या ग्रंथाचा जपानी अनुवाद केला तेव्हा त्याच्या शीर्षकात ‘रिश्शि’, म्हणजे ध्येय निश्चित करणे, हा चिनी-जपानी परंपरेतील शब्द योजला. कष्टाने वर येण्याची इंग्रजी कथा अशा रीतीने तेथील नैतिक परंपरेत रुजली. पूर्ण झालेल्या आयुष्याचा दाखला भाषेची सीमा सहज ओलांडतो, हे यावरून दिसते. मराठीतही कृष्णशास्त्री चिपळूणकर यांच्या ‘साक्रेतिसाचे चरित्र’ (१८५२) या ग्रंथाने याच वाटेने परभाषेतील आदर्श मराठी वाचकापुढे आणला होता.

मराठी श्रोत्याला प्रेरणेचा जो प्रकार याहून पुष्कळ जुना आणि परिचित आहे तो कीर्तनाचा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखाद्या पदाच्या आधारे तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान येते. कीर्तनकार बोलतो, गातो, प्रसंगी अभिनय करतो, परंतु आख्यानाचा नायक तो नसतो. वारकरी कीर्तनात हा संकोच अधिकच दृढ आहे. तेथे संतांचा अभंग हाच आधार, आणि कीर्तनकाराचा शब्द त्या अभंगाच्या प्रामाण्याने चालतो. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदी येथे स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत तरुण विद्यार्थी वर्षानुवर्षे पाठांतर आणि अर्थचिंतन करतात ते हा परंपरेचा अधिकार मिळवण्यासाठी. विद्यार्थी असलेला बोधकर्ता ही कल्पना आपल्याला नवी नाही. विद्यार्थ्याने स्वतःचा दाखला देऊन बोध करावा, ही मात्र नवी गोष्ट आहे.

स्वतःविषयी बोलण्याबद्दलचा हा संकोच तुकोबांच्या आत्मपर अभंगांतही दिसतो. आपली जात, व्यवसाय, दुष्काळ, पत्नीचा मृत्यू आणि दिवाळे यांची हकीकत सांगताना, असे बोलू नये पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, असा खुलासा ते करतात. आत्मनिवेदनाला येथे अनुज्ञा लागते आणि ती ऐकणाऱ्यांकडून यावी लागते.

आधुनिक आत्मचरित्राने या अनुज्ञेची गरज कमी केली, पण काळाचे अंतर बहुधा कायम ठेवले. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न वर्षांचे होते. हिंगण्याच्या आश्रमाचे काम उभे होते. मात्र ज्या महिला विद्यापीठाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले ते स्थापन झाले त्यानंतरच्या वर्षी, १९१६ मध्ये. पुढे १९३६ मध्ये त्यांनी इंग्रजीत पुन्हा आत्मकथन केले. पूर्णतेचा आभास सर्वच आत्मचरित्रांत काही प्रमाणात असतो, एवढे या उदाहरणावरून मान्य करावे लागेल. परंतु ज्या कार्याविषयी लेखक बोलतो ते कार्य तरी झालेले असते. अलीकडच्या विश्वास नांगरे पाटील यांच्या ‘मन में है विश्वास’ (२०१६) या पुस्तकात, किंवा महाराष्ट्र संवर्गातील पोलीस अधिकारी मनोज कुमार शर्मा यांच्या जीवनावर आधारित असलेल्या अनुराग पाठक यांच्या ‘ट्वेल्थ फेल’ या हिंदी कादंबरीत (२०१९) आणि त्यावरील चित्रपटात (२०२३) हीच रचना आहे. निकाल लागलेला आहे आणि मग कथा सांगितली जात आहे. वाचकाला शेवट ठाऊक असल्यामुळे वाटेतील प्रत्येक अपयश त्याला पायरीसारखे दिसते.

३

या पार्श्वभूमीवर एका विद्यार्थ्याने आपला मार्ग कसा घडवला ते पाहू. उदाहरण भारताबाहेरील आहे, परंतु त्याचे टप्पे स्पष्ट दिसतात आणि ते सार्वजनिक आहेत, म्हणून ते निवडले आहे. कराचीत जन्मलेले आणि पुढे इंग्लंडमध्ये वाढलेले अली अब्दाल केंब्रिज विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकत होते. अभ्यासक्रमाच्या अखेरच्या टप्प्यावर असताना २०१७ मध्ये त्यांनी यूट्यूबवर व्हिडिओ प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला.

पहिला टप्पा माहितीचा होता. ब्रिटनमधील काही विद्यापीठांत वैद्यकीय प्रवेशासाठी त्या काळी ‘बीमॅट’ ही परीक्षा घेतली जाई. तिची तयारी करणाऱ्यांना मार्गदर्शन करणारा व्यवसाय अब्दाल यांनी विद्यार्थिदशेतच उभारला होता, आणि आरंभीचे व्हिडिओ त्याच्याशी निगडित होते. येथे अधिकाराचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. ज्याने परीक्षा दिली आहे तो, ज्याला ती द्यायची आहे त्याला सांगतो. वरच्या इयत्तेतील मुलाने खालच्या मुलांना शिकवण्याची रीत भारतात जुनीच आहे. मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेत ती वापरून अँड्र्यू बेल यांनी १७९७ मध्ये तिचे वर्णन इंग्लंडमध्ये प्रसिद्ध केले आणि तेथे तिचा मोठा प्रसार झाला. एक पाऊल पुढे असणे हा या टप्प्यावर पुरेसा अधिकार आहे.

दुसरा टप्पा पद्धतीचा. एका परीक्षेची माहिती मोजक्यांच्याच उपयोगाची, अभ्यासाची पद्धत मात्र सर्वांच्या. अब्दाल यांनी मानसशास्त्रातील संशोधनाच्या आधारे अभ्यासपद्धतींवर व्हिडिओ केले. पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवण्याचा प्रयत्न केल्यास आणि उजळणीत अंतर ठेवल्यास स्मरण अधिक टिकते, हे प्रयोगांनी दाखवलेले आहे. या टप्प्यावर विद्यार्थी निरूपणकार असतो. त्याचे प्रामाण्य त्याच्याबाहेर, संशोधनात असते. कीर्तनाच्या पूर्वरंगाशी याचे साम्य सहज ध्यानात येईल.

तिसऱ्या टप्प्यावर निवेदक स्वतःच विषय होतो. आपला दिवस, आपली खोली, आपली उपकरणे, रुग्णालयातील काम सांभाळून व्हिडिओ कसे करतो याची हकीकत, पुढे आपली मिळकतसुद्धा. अब्दाल २०१८ पासून दोन वर्षे कनिष्ठ डॉक्टर म्हणून काम करीत होते, आणि व्यवसाय सांभाळून हे सारे करणारा तरुण हीच त्यांच्या सांगण्याची खूण बनली. येथे एक मूलभूत बदल घडतो. कीर्तनात निरूपणकार आणि आख्याननायक वेगळे असतात. येथे ते एक होतात. आणि हे आख्यान संपलेले नसते.

चौथा टप्पा सर्वांत लक्षणीय आहे. २०२० मध्ये अब्दाल यांनी इतर काम सांभाळून यूट्यूबवर व्हिडिओ कसे करावेत हे शिकवणारा सशुल्क अभ्यासक्रम सुरू केला. त्याच वर्षी त्यांनी रुग्णालयातील काम थांबवले आणि पुढे ते वैद्यक व्यवसायात परतले नाहीत. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांचे ‘फील-गुड प्रॉडक्टिव्हिटी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्याचा आरंभ मात्र नाताळच्या दिवशी रुग्णालयात काम करणाऱ्या तरुण डॉक्टरच्या प्रसंगाने होतो. जे आयुष्य मागे पडले त्याचा अधिकार पुस्तकाच्या प्रारंभी पुन्हा आवाहित केला जातो.

या चार टप्प्यांतून एक क्रम दिसतो. परीक्षा, पद्धत, स्वतःचे आयुष्य आणि अखेरीस स्वतःचा मार्ग. स्माइल्स यांचा पालिसी मातीची भांडी करण्याचा ध्यास घेतो, इतरांना प्रेरणा देण्याचा नव्हे. आपली जिद्द दुसऱ्याच्या उपयोगी पडेल हे त्याला ठाऊकही नसते. विद्यार्थी-आशयनिर्मात्याच्या बाबतीत मात्र प्रेरणा देणे हेच कर्तृत्व बनण्याकडे कल असतो. जे केले त्याविषयी बोलणे येथून सुरू झालेला मार्ग, बोलणे हेच करणे, येथवर येतो. हा दोष अब्दाल यांच्या स्वभावाचा मानण्याचे कारण नाही. त्यांनी हे टप्पे लपवलेले नाहीत. या प्रकाराचीच ती गती आहे.

४

ही गती समजून घेण्यासाठी माध्यमाच्या अटी लक्षात घ्याव्या लागतात. ग्रंथकाराला प्रकाशक गाठावा लागे, व्याख्यात्याला निमंत्रण लागे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेसारख्या व्यासपीठावर जाणाऱ्या वक्त्याची योग्यता कोणीतरी आधी पारखलेली असे. विद्यार्थ्याला अशा पारखीची गरज उरली नाही. भारतात २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झाले. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पाठोपाठ इन्स्टाग्रामचे रील्स भारतात सुरू झाले. लहान गावातील विद्यार्थ्यालाही मराठीतून बोलण्याची जागा मिळाली. ज्यांना कोणी निमंत्रण दिले नसते असे आवाज ऐकू येऊ लागले, हा लाभ लहान मानू नये.

पारख मात्र संपली नाही. ती आरंभी होत असे, आता ती अखंड होते. यूट्यूबने जानेवारी २०१८ मध्ये जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा मिळवण्यासाठी किमान १,००० सदस्य आणि मागील बारा महिन्यांत ४,००० तास पाहिले जाणे अशी अट घातली. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. दहा मिनिटांचा व्हिडिओ २४,००० वेळा अखेरपर्यंत पाहिला गेला तर एवढी बेरीज होते, आणि ती वर्षाच्या आत व्हावी लागते. दीर्घ व्हिडिओंवरील जाहिरातींच्या उत्पन्नातून निर्मात्याला ५५ टक्के वाटा मिळतो, परंतु पाहणाऱ्यांचा ओघ आटला की तोही आटतो. सातत्य हा येथे सद्गुण राहत नाही, ती अट होते. नियमितपणे काही सांगायचे तर सांगण्याजोगे काही नियमितपणे घडावे लागते. न घडल्यास जे घडले त्यातून बोध काढावा लागतो.

यात अर्थकारणाचाही प्रश्न आहे. जेथे कीर्तन करावे तेथील अन्न सेवू नये, तेथे द्रव्य घेऊ नये, ही तुकोबांची शिकवण वारकरी परंपरेत आदर्श मानली गेली. सर्वच कीर्तनकारांनी ती पाळली असे कोणी म्हणणार नाही. परंतु बोध आणि बिदागी यांच्यात अंतर असावे ही जाणीव तिने जागी ठेवली. विद्यार्थ्याच्या व्हिडिओत वही, ॲप किंवा शिकवणी वर्गाची शिफारस बोधाच्याच ओघात येते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये, अशा शिफारशीमागील आर्थिक संबंध स्पष्टपणे उघड करण्याविषयी मार्गदर्शक सूचना प्रसृत केल्या. परंपरेने नीतीवर सोपवलेली गोष्ट येथे नियमावर आली. नियमाने पैशाचा संबंध उघड होतो. आयुष्याचा आणि बोधाचा संबंध उघड करण्याची सोय मात्र कोणत्याही नियमात नाही.

५

हा संबंध अपयशाच्या प्रसंगी पणाला लागतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या उमेदवारांचे उदाहरण घेऊ. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा दिल्लीच्या मुखर्जीनगरात राहून तयारी करता करता त्या तयारीचेच व्हिडिओ करणारा तरुण आता दुर्मीळ राहिलेला नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२३ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी १०,१६,८५० अर्ज आले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,९२,१४१. अखेर शिफारस झाली १,०१६ उमेदवारांची. म्हणजे परीक्षेला बसलेल्या सुमारे ५८३ जणांमागे एक.

निकालानंतर लिहिले जाणारे प्रेरणापर वाङ्मय त्या एकाचे असते. उरलेल्या ५८२ जणांच्या वर्षांना त्यात स्थान नाही, असले तर नायकाच्या मागे पडलेला मित्र म्हणून. विद्यार्थ्याचे निवेदन या वाङ्मयातील मोठी उणीव भरून काढू शकते. निकाल लागण्यापूर्वी बोलणारा निवेदक आपण कोणत्या बाजूला जाणार हे जाणत नसतो. फिलिप लजन यांनी १९७५ मध्ये आत्मचरित्राचा करार मांडताना लेखक, निवेदक आणि नायक यांच्या एकरूपतेवर भर दिला. पुढे दैनंदिनीचा विचार करताना, तिच्या लेखकाच्या हाती शेवट नसतो, या वैशिष्ट्याकडे त्यांनी लक्ष वेधले. विद्यार्थ्याचे निवेदन या अर्थाने दैनंदिनीच्या जवळचे आहे, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला ते खरे वाटते. तोही शेवट न जाणता जगत असतो. पूर्ण आयुष्याच्या दाखल्यापेक्षा अपूर्ण आयुष्याची सोबत त्याला अधिक आधार देते. विद्यार्थी-आशयनिर्मात्याच्या अधिकाराचे मूळ येथे आहे.

परंतु दैनंदिनी बोध करीत नाही, आणि या निवेदनाला बोध करावा लागतो. उमेदवाराचा निकाल प्रतिकूल लागला तर त्याच्यापुढे तीन वाटा असतात. पहिली मौनाची. दुसरी, अपयशाला तात्काळ धड्याचे रूप देण्याची. निकालाच्या संध्याकाळीच ‘या अपयशाने मला काय शिकवले’ हे सांगितले जाते, शिकण्याइतका काळ लोटलेला नसताना. तिसरी वाट, मला अजून काहीच समजलेले नाही, असे म्हणण्याची. ही वाट सर्वांत प्रामाणिक आहे, परंतु प्रेरणापर वाङ्मयाच्या आकृतिबंधात तिला जागा नाही. दुसरी वाट निवडणाऱ्याची हानी दुहेरी होते. स्वतःचे दुःख समजण्याआधीच त्याला त्याचा अर्थ सांगावा लागतो, आणि ऐकणाऱ्या ५८२ जणांना असे वाटू लागते की ज्याला आपल्या अपयशातून धडा काढता आला नाही तो दुसऱ्यांदा अपयशी झाला.

६

मग हा मार्ग चोखाळू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला परंपरेतून काही घेता येईल काय? मराठीत याचे एक उत्तर प्रेरणापर म्हणून न लिहिलेल्या ग्रंथात सापडते. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवार यांना सांगतो. जगणारा मी आणि लिहिणारा मी हे एकाच माणसात असूनही वेगळे राखले आहेत. लिहिणारा सुशिक्षित, नोकरदार, शहरी आहे, तरीही त्याचे यश जगणाऱ्याच्या वेदनेचे समर्थन करण्यासाठी वापरलेले नाही. जे अपमान झाले ते अपमानच राहतात, त्यांच्या पायऱ्या होत नाहीत. आणि तरीही या ग्रंथाने कितीतरी वाचकांना स्वतःविषयी बोलण्याचे बळ दिले. बोध न करता प्रेरणा देणे शक्य असते, याचा हा मराठीतील सबळ पुरावा आहे.

विद्यार्थी-आशयनिर्मात्याने ‘बलुतं’चे अनुकरण करावे असा याचा अर्थ नाही. दोहोंच्या सामाजिक भूमीत फार मोठे अंतर आहे. सांगायचे आहे ते एवढेच की जगणारा आणि सांगणारा यांच्यात अंतर राखण्याचे उपाय परंपरेत आहेत. कीर्तनाने ते अभंगाच्या प्रामाण्याने राखले, तुकोबांनी अनुज्ञेच्या संकोचाने, चरित्रकारांनी दुसऱ्याचे आयुष्य निवडून, आत्मचरित्राने काळ जाऊ देऊन. विद्यार्थ्यापाशी यांपैकी काळाचे अंतर नाही, इतर उपाय आहेत. पद्धत सांगताना तो संशोधनाच्या आधाराने बोलू शकतो. स्वतःविषयी बोलताना जे कळले आणि जे अजून कळलेले नाही, यांतील सीमा तो दाखवू शकतो. आयुष्याचा काही भाग न सांगता ठेवण्याचाही त्याला हक्क आहे.

लीड्समधील त्या तरुणांकडे येथे पुन्हा वळावेसे वाटते. थोडे येणाऱ्याने कमी येणाऱ्याला शिकवायचे, एवढ्या भांडवलावर त्यांनी आपले मंडळ उभे केले होते. आपण कोणी थोर होणार आहोत असे त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. त्यांचा आवाज ‘सेल्फ-हेल्प’मध्ये उतरला नाही, उतरली ती थोरांची चरित्रे. दीड शतकानंतर त्या तरुणांच्या जागी असलेल्या विद्यार्थ्याच्या हाती स्वतःच्या आवाजात बोलण्याचे साधन आले आहे. त्याने पुन्हा थोरांचाच शेवट उसना घ्यावा, की शेवट ठाऊक नसलेल्या माणसाची भाषा घडवावी, यावर या वाङ्मयप्रकाराचे पुढील मोल ठरणार आहे.